वाहन किरकोळ खर्च

आमच्या संस्थेच्या रोजकीर्दीत बसकाकांचा पगार ज्या नावाखाली पडायचा, ते नाव मी शोधलेलं नव्हतं. पण सहा वर्षं ते माझ्याच अक्षरात पडत राहिलं. ‘वाहन किरकोळ खर्च’. वरच्या ओळीत डिझेल, खालच्या ओळीत पंक्चर, मध्ये काका. दर महिन्याच्या सात तारखेला ते ऑफिसच्या दाराशी चपला काढून आत यायचे. मी व्हाउचर पुढं सरकवायची, ते रेव्हेन्यू तिकीट जिभेला लावून डकवायचे आणि अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर अशी सही करायचे. नऊ हजार पाचशे रुपये. नोटा कधी मोजायचे नाहीत. “तुमी मोजल्यात न्हवं?” एवढंच म्हणायचे आणि पैसे शर्टाच्या आतल्या खिशात घालायचे.

नेमणुकीचं पत्र नव्हतं, हजेरीपटावर नाव नव्हतं. ऑडिटला असं सोपं जातं, हे मला माझ्या आधीच्या हेडक्लार्कनी सांगितलं होतं आणि तेव्हा माझ्यानंतर कुणी आलं असतं तर मीही त्याला तेच सांगितलं असतं. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा बहुतेक शाळांच्या गाड्या अशाच चालायच्या. गाडीला नंबर असतो, इंजिनाला नंबर असतो, चॅसीलाही असतो. चालवणाऱ्याला नसला तरी कुणाचं काही अडत नाही.

माझी मुलगी पहिलीपासून त्यांच्या गाडीत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते हॉर्न वाजवायचे नाहीत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि सकाळी सकाळी त्यांचा जरा डोळा लागलेला असायचा. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पोरीनं कधीतरी गाडीत सांगितलं असणार. मग ते इंजिन बंद करून थांबायचे, आणि पिवळी गाडी कोपऱ्यावर मुकाट उभी दिसली की आम्ही वेणी अर्धवट ठेवून धावायचो. पोरीला चढणीला मळमळायचं, म्हणून पुढच्या काचेखाली एका डबीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या. त्या गोळ्यांचे पैसे ‘वाहन किरकोळ खर्च’मध्ये कधी पडले नाहीत.

१२ जुलै २०१३. शुक्रवार. शाळा सुटून गाडी परत निघाली होती. गाडीत बावीस मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी. चढणीवर पुढचं डावं चाक बसलं. पाऊस नुकताच उघडला होता. काकांनी गाडी कडेला घेतली, मुलांना उतरवून समोरच्या एसटीच्या थांब्यात मावशींच्या ताब्यात दिलं, मागच्या चाकाला दगड लावला, जॅक चढवला, पान्यानं नट सोडवले, चाक काढलं. स्टेपनी आणायला वळणार, तेवढ्यात गाडी मागं सरकली. जॅक आडवा झाला आणि ब्रेकचा ड्रम उजव्या पावलावर बसला.

मावशींनी साडीचा पदर फाडून पाय बांधला. दुधाच्या टेम्पोतून आधी तालुक्याला, तिथून मिरजेला. तिथं चौथ्या दिवशी गुडघ्याखाली वीतभर ठेवून पाय काढावा लागला. उजवा पाय. गाडी चालवणाऱ्याचा उजवा पाय म्हणजे ब्रेकही तोच आणि ॲक्सिलरेटरही तोच. मी भेटायला गेले तेव्हा काका छताकडं बघत होते. मला म्हणाले, “पोरं घरी पोचली का समदी?” त्याला तेव्हा सहा दिवस झाले होते.

पुढचं सांगताना मी शब्द शोधत बसणार नाही. जे केलं ते असं : सप्टेंबरात अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणुसकी म्हणून चाळीस हजार द्यायचं ठरलंय, पण पुढं कटकट नको, एक कागद करून घ्या, म्हणाले. माझा मसुदा चांगला असतो अशी माझी ख्याती होती. शंभराच्या मुद्रांकावर मी लिहिलं, ‘सदर अपघात माझ्या स्वतःच्या चुकीमुळे झाला असून, संस्थेने केवळ सहानुभूतीपोटी दिलेली रक्कम मला पूर्णपणे मान्य आहे. यापुढे माझा अथवा माझ्या वारसांचा संस्थेवर कोणत्याही प्रकारचा हक्क राहणार नाही.’ ‘माझ्या स्वतःच्या चुकीमुळे’ हे अध्यक्षांनी सांगितलेलं नव्हतं. कागद पक्का व्हावा म्हणून ते मी घातलं.

कागद घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. वाचून दाखवायला लागले तर काकांनी हात वर केला. “ताई, तुमीच लिवलंय न्हवं? मग त्यात वाचायचं काय?”

आणि सही केली. या वेळी तिकीट नव्हतं, तरी सही सवयीनं अर्धी वर, अर्धी खाली अशी तिरकीच आली.

जवळजवळ दोन वर्षं मी त्या घराकडं फिरकले नाही. गाडीवर दुसरा चालक आला, त्याचंही व्हाउचर मीच लिहू लागले. २०१५ च्या जूनमध्ये आमची स्कूटर पंक्चर झाली. दुकानातल्या पोरानं उतारावर चाकाला दगड लावला आणि माझी मुलगी एकदम रडायला लागली. अकरा वर्षांची होती. किती विचारलं तरी बोलेना. रात्री अंधारात, पाठ करून म्हणाली, “आई, तो दगड मी दिला होता काकांना. लहान होता.”

दोन वर्षं ती हे घेऊन हिंडत होती. थांब्यातून पळत सुटून, मावशींची नजर चुकवून, चौथीतल्या पोरीनं आपल्याला उचलेल तेवढा दगड आणून दिला होता आणि काकांनी ‘शाब्बास’ म्हणून घेतला होता. मग गाडी सरकली होती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी काकांकडं गेले. काका कुबड्या भिंतीला लावून ओट्यावर बसले होते. काकू भांगलणीला गेल्या होत्या. आधी त्या कामाला कधी जात नव्हत्या. पोरीनं जमिनीकडं बघत आपलं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, “आगं येडे, त्यो दगड म्या लावलाच न्हाई. बाजूला टाकला. दुसरा लावला ह्येवढा थोरला. खालचा मुरूम भिजला हुता, जॅक खचला. तुज्या दगडाचा काय संबंध?”

पोरीचा चेहरा बघता बघता सैल झाला. येताना ती रस्ताभर बोलत होती. मी नव्हते. निघताना काकू आल्या होत्या आणि त्यांनी फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली होती. मिरजेच्या पावत्या, मेडिकलच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या गाडीच्या चिटोऱ्या. “ह्येचं काय हुतं का बगा,” म्हणाल्या. सगळी बेरीज अडुसष्ट हजारांच्या वर जात होती. बेरीज मी घरी जाऊन केली. दुसरं काही येत नव्हतं.

कराडला कामगारांची प्रकरणं बघणाऱ्या एक वकीलबाई होत्या. त्यांच्याकडं गेले ती तारीख लक्षात आहे, १ जुलै. त्यांनी आधी पावत्या बघितल्या नाहीत, कागद बघितले नाहीत. “अपघाताची तारीख?” विचारलं. मी सांगितली. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणाल्या, “अकरा दिवस आहेत.”

दोन वर्षांच्या आत दावा घालायचा असे. उशीर माफ होई, पण त्याला कारण द्यावं लागे, आणि आमचं कारण मला कुठंच लिहून द्यायचं नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी हेडक्लार्क असूनही आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. कायदा १९२३ चा, साहेबाच्या राज्यातला, १ जुलै १९२४ पासून लागू झालेला. तेव्हाचं नाव कामगार नुकसानभरपाईचा कायदा. २०१० च्या जानेवारीपासून नावात ‘कामगार’च्या जागी ‘कर्मचारी’ आला. मोटारगाडीवरचा चालक, क्लीनर, मदतनीस, मेकॅनिक ही मंडळी त्यात नाव घेऊन आहेत. करार लेखी हवा असंही नाही, तोंडी चालतो. “म्हणजे नेमणूकपत्र नाही हे तुमच्या संस्थेचं उत्तर होऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. आमच्या गावाला तेव्हा ईएसआय विमा योजना लागू नव्हती. असती तर दाद तिकडं मागावी लागली असती, इकडं येता आलं नसतं.

“आणि चूक कोणाची, ते?” मी विचारलं.

“ते विचारतच नाही हा कायदा. अपघात कामातून झाला का आणि काम चालू असताना झाला का, एवढंच बघतात. मोटार अपघात न्यायाधिकरणात स्वतःची चूक असलेल्या चालकाला दार बंद होतं. इथं नाही. दारू पिऊन होता, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, असं काही असेल तर वेगळं. आणि तेही माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर मालकाला म्हणता येत नाही.”

मग मी पर्समधून माझ्या मसुद्याची झेरॉक्स काढली. त्यांनी ती दोनदा वाचली. “कोणी लिहिलंय?”

“मी.”

“मसुदा चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण ‘स्वतःच्या चुकीमुळे’ हे तुम्ही फुकट घातलंत. आणि बाकीचंही फुकटच आहे. कलम १७. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्द. तडजोड करायची तर कलम २८ प्रमाणं ती आयुक्तांकडं नोंदवायची असते. रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारतात.”

आम्ही नोटरीकडं नोंदवली होती.

नोंदवली नसेल तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागे, आणि आयुक्तांनी वेगळं काही सांगितलं नाही तर आधी दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त वजाही करता येत नसे. म्हणजे आमच्या माणुसकीचे चाळीस हजार कायद्याच्या तराजूत वीस हजार भरत होते.

आता माझ्यातल्या क्लार्कचा भाग. वकीलबाईंनी एका लखोट्याच्या पाठीवर हिशेब मांडला आणि मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. पाय, हात, डोळा गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली धरायची याची एक यादी कायद्याच्या शेवटी होती. गुडघ्याखालून पाय गेला की पन्नास टक्के. दुसऱ्या एका यादीत वयाप्रमाणं गुणक होते. सोळा वर्षांपर्यंत २२८.५४ आणि मग वर्षागणिक उतरत जाणारे. काका तेव्हा पंचेचाळीस पुरे केलेले, त्यांचा गुणक १६९.४४. पगार साडेनऊ हजार असला तरी त्या काळी आठ हजारांच्या वर धरत नसत. पूर्ण कायमच्या अपंगत्वाला पगाराचे साठ टक्के गुणिले गुणक : चार हजार आठशे गुणिले १६९.४४. आठ लाख तेरा हजार तीनशे बारा. त्याच्या निम्मे चार लाख सहा हजार सहाशे छप्पन.

“निम्मेच का?” मी विचारलं. “ते गाडी चालवू शकत नाहीत ना आता?”

वकीलबाई पहिल्यांदा जरा हसल्या. यादीतले टक्के हे शरीराचे, भरपाई मिळते ती कमाईची, म्हणाल्या. १९७६ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगून ठेवलं आहे : डावा हात कोपराच्या वरून गेला तर माणूस अर्धा-पाऊण निकामी असेल, सुतार पूर्ण निकामी होतो. २००८ मध्ये एका टँकरचालकाचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. उच्च न्यायालयानं कमी टक्के धरले होते, सर्वोच्च न्यायालयानं शंभर केले. त्याला आता चालकाचा परवानाही मिळणार नाही, हे बोलून दाखवलं. काकांचा बॅज त्या वेळी माझ्या पिशवीत होता. काकूंनी पावत्यांबरोबर तोही टाकला होता.

त्याशिवाय अंथरुणावर असेपर्यंत दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च, तोही २०१० पासून. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. हे सगळं दोन वर्षं तिथं पडून होतं. हक्क म्हणून. आणि आमच्या गावात आम्ही ‘सहानुभूती’ हा शब्द टाइप करत होतो.

मला सर्वांत जास्त जे झोंबलं ते ऑफिसच्या कपाटात सापडलं. बसची विमा पॉलिसी. दर वर्षी तिचा हप्ता मीच भरायची. तिच्यात बारीक अक्षरात एक ओळ होती : पगारी चालकाप्रति कायदेशीर दायित्व, पन्नास रुपये. पन्नास रुपये वर्षाला! म्हणजे काकांच्या पायाची जबाबदारी विमा कंपनीनं आमच्याकडून पैसे मोजून घेतलेली होती. संस्थेला खिशात हातही घालावा लागला नसता. आम्ही कंपनीला कळवलं असतं तर. मी ती ओळ वाचली असती तर. रोजकीर्दीत तो आकडा मी ‘वाहन विमा’मध्ये बिनचूक टाकला होता, एकूण बेरजेसह.

अर्ज ९ जुलैला दाखल झाला. वकीलबाईंनी त्याच दिवशी मला विचारलं, “साक्षीला याल का? व्हाउचरं तुमच्या अक्षरात आहेत.”

मी विचार करून सांगते म्हटलं. नोकरी होती, घराचा हप्ता होता. यजमान म्हणाले, समन्स येऊ दे, मग कोणी काही बोलणार नाही. हा शहाणपणाचा सल्ला होता आणि तो मी मानला. हे धैर्य वगैरे नव्हे. समन्स आलं, आणि मी गेले.

आमच्याकडं कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच या कायद्याखाली आयुक्त म्हणून बसत. संस्थेनं हुकमावरून बहात्तर व्हाउचरं हजर केली होती, दोरा ओवून. पिंजऱ्यात उभी राहून मी एकेक ओळखत गेले. अक्षर माझं. सही काकांची. रक्कम बरोबर. ‘वाहन किरकोळ खर्च म्हणजे काय?’ असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, “चालकाचा पगार.” पहिल्यांदा ते मोठ्यानं म्हटलं.

विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं होतं की उभी गाडी जॅकवरून घसरली म्हणजे तो गाडीचा ‘वापर’ नव्हे, सबब पॉलिसी लागत नाही. वकीलबाईंना हे ऐकून आनंद झाला असावा. १९८७ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर रस्त्यावर एक पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून कलंडला होता. पेट्रोल गळत राहिलं, आसपासचे लोक जमले, आणि काही तासांनी स्फोट झाला. तेव्हाही विमावाल्यांनी हेच म्हटलं होतं : टँकर पडलेला होता, चालत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं की गाडी उभी असली, बिघडून पडली असली, तरी तो वापरच. आमच्या भागातल्या लोकांना तो स्फोट आठवतो. त्यातून एवढं निघालं होतं हे मात्र मला माहीत नव्हतं.

मग काकांची उलटतपासणी. जयपूर फूट बसवून आले होते, पण अजून पायावर भरवसा नव्हता. साहेबांनी त्यांना खुर्ची द्यायला सांगितली. कंपनीच्या वकिलांनी धागा बरोबर पकडला होता. अपंगत्व अर्धंच आहे असं ठरवायचं आणि चालकानं सुरक्षेचे नियम मुद्दाम मोडले असं दाखवायचं. शाळेच्या बसची नियमावली २०११ पासून आहे. गाडीत प्रथमोपचार पेटी हवी, अग्निशामक हवं, मुलांसोबत मदतनीस हवा, असं बरंच. मुलांना जपण्यासाठीच ती आहे.

“मुलांना गाडीतून खाली उतरवल्यावर तुम्ही त्यांच्याकडून काम करून घेतलंत, हे खरं आहे का?”

“न्हाई.”

“चाकाला लावलेला दगड एका विद्यार्थिनीनं आणून दिला होता, असं माझं म्हणणं आहे.”

हे त्यांना कुठून कळलं, मला आजही माहीत नाही. गाडीत बावीस मुलं होती. मी मागच्या बाकावर बसले होते. काकांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“दगड म्या आणला,” ते म्हणाले. “म्याच लावला.”

“एकच दगड होता?”

“एकच.”

लघुलेखकानं लिहून घेतलं. ‘दगड एकच होता. तो मी स्वतः आणून लावला.’ त्या जबाबाची नक्कल माझ्याकडं आहे. ओट्यावर त्यांनी माझ्या पोरीला दोन दगडांची गोष्ट सांगितली होती, एक तिचा टाकलेला, एक थोरला लावलेला. कोर्टात एकच दगड होता. दोन्हींपैकी एक खोटं आहे, किंवा दोन्ही. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि मुलीला नक्कल दाखवली नाही.

निकाल २०१७ च्या सप्टेंबरात लागला. असे अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावेत असं कायदा म्हणत होता. आमच्या तारखा बहुतेक एकमेकांच्या वकिलांच्या सोयीनं पडत गेल्या. अपंगत्व शंभर टक्के धरलं. आठ लाख तेरा हजार तीनशे बारा, अपघाताच्या दिवसापासून बारा टक्के व्याज, औषधांचा खर्च, वजा वीस हजार. व्याजच चार लाखांवर गेलं होतं. रक्कम आणि व्याज विमा कंपनीवर. दंड मात्र संस्थेनं पदरचा भरायचा. तो विम्यावर ढकलता येत नाही, हे १९९७ पासून पक्कं आहे. तोच पाय २०२० च्या जानेवारीनंतर गेला असता तर आठ हजारांच्या जागी पंधरा हजार धरले असते आणि पंधरा लाख चोवीस हजारांच्या वर रक्कम झाली असती. हे मी उगाच करून बघितलं. सवय. आता तर तो जुना कायदाही गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, आणि कामावर येता-जाताना झालेला अपघातही काही अटींवर कामातलाच धरायचा असं तिच्यात लिहून ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये, आपल्याकडच्याच एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात, जुन्या कायद्याचाही तसाच अर्थ लावला होता. पहाटेच्या पाळीला निघालेला माणूस कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला होता. २००३ मध्ये. बावीस वर्षं.

निकालानंतर दोन महिन्यांनी माझी बदली संस्थेच्या अठरा किलोमीटरवरच्या शाखेत झाली. ‘प्रशासकीय सोय’ असं पत्रात होतं. मसुदा माझ्या जागी आलेल्या मुलाचा होता, बरा होता. निवृत्तीपर्यंत दोन एसट्या बदलून जायचं आता अंगवळणी पडलं आहे. माझ्यानंतर गाडीवरच्या चालकाचं नाव हजेरीपटावर चढलं, हेही त्याच मुलाकडून कळलं. माझ्यामुळं नव्हे, दंडामुळं.

काकांनी पैशातून कर्ज फेडलं आणि घरापुढं पत्र्याची शेड घालून पिठाची गिरणी टाकली. बसून करायचं काम. गिरणीचा पट्टा, खालचा दगड टाकी लावून घेणं, सगळं त्यांनी हळूहळू शिकून घेतलं. उजवा पाय पुढं ताठ काढून स्टुलावर बसतात, पीठ उडून भुवया पांढऱ्या होतात. मी महिन्याचं दळण तिथंच नेते. घराजवळ दुसरी गिरणी आहे, तरी.

पहिल्या वेळी मला वाटलं होतं ते पैसे घेणार नाहीत, आणि मग मला काहीतरी बोलावं लागेल. तसं झालं नाही. तराजूवर डबा ठेवला, वजन सांगितलं, पैसे सांगितले, मी दिले. मी मुद्दाम दहा रुपये जास्त ठेवले तर हाक मारून परत दिले. “ताई, तुमचा हिशेब कच्चा कवापासनं झाला?” म्हणाले. तेव्हापासून मी बरोबर देते, ते बरोबर घेतात. आता मात्र ते माझ्यासमोर नोटा मोजतात. शांतपणे, एकेक.

मुलगी कराडला फार्मसीला आहे. गेल्या दिवाळीत माझी कंबर धरली म्हणून दळण घेऊन ती गेली. आली तेव्हा डब्यासोबत मी दिलेली शंभराची नोटही तशीच परत होती.

“घेतलेच नाहीत,” ती म्हणाली. “तुझं दळण येगळं, आईचं येगळं, म्हणाले. आणि हे दिलं.”

तिच्या तळहातावर लिमलेटची गोळी होती. मी नोट डब्याखालून काढून पर्समध्ये ठेवली.

पुढच्या महिन्याला मीच गेले. काकांनी वजन केलं, मोजून पैसे घेतले, आणि विचारलं, “पोरगी कवा यायची सुट्टीला?”

“संक्रांतीला.”

“मग तवा बाजरी तिच्याकडंच द्या,” म्हणाले, आणि पट्टा चढवला.